ऋक्षमृगयेचा तक्ता

शुक्रवार, ७ फेब्रुवारी २०२५
मदिनत खलीफा, दोहा

प्रातःकाळी सात वाजून दहा मिनिटांनी चिरंजीवांचा संदेश प्राप्त झाला. चिरंजीव मिहीर: वय सत्तावीस, वास्तव्य कॅनडाचा पश्चिम किनारा, वृत्ती अरण्यांचे नकाशे करणे, मातृभाषा मराठी, उत्तर देण्याची भाषा इंग्रजी. संदेश असा: "बाबा, कम इन मे. ब्लॅक बेअर हंट, ऑन अ‍ॅन आयलंड. नो गाईड. जस्ट यू अँड मी."

तीनदा वाचला. गेल्या साडेचार महिन्यांत त्याने मला पाठवलेले सर्व शब्द एका ओळीत मांडले तरी एवढी लांबी भरणार नाही. बहुतेक वेळी 'ओके', एकदा नुसते 'के'.

वय वर्षे छप्पन्न, आजन्म शाकाहारी, रक्तशर्करा सीमारेषेवर. झुरळ दिसले असता योग्य जाडीचे वर्तमानपत्र शोधण्यात मी इतका काळ घेतो की झुरळास सहकुटुंब स्थलांतर करता यावे. अशा गृहस्थास अस्वलाच्या शिकारीचे आमंत्रण यावे, यात काही गल्लत झाली असावी असे प्रथम वाटले. परंतु 'बाबा' हे संबोधन निःसंदिग्ध होते. उत्तर धाडले: "तत्त्वतः मान्य. तपशील कळव." त्याने अंगठा पाठवला.

मी नियोजन अभियंता आहे. वेस्ट बे येथील एका मनोऱ्याच्या एकोणिसाव्या मजल्यावर बसून, इतरांनी कोणते काम कधी आरंभावे व कधी संपवावे हे मी एकवीस वर्षे ठरवीत आलो. स्वहस्ते आरंभलेले वा संपवलेले असे एकही काम माझ्या नावावर नाही. त्या दृष्टीने ही मृगया ऐतिहासिक ठरेल, म्हणून ही वही. वही उल्काची आहे. पहिल्या चार पानांवर वाणसामानाच्या याद्या आहेत. त्या तशाच ठेवून पाचव्या पानापासून लिहीत आहे.

उल्का माझी पत्नी. गेल्या २३ सप्टेंबरला निवर्तली. हृदयविकार, अकस्मात. ही नोंद केवळ संदर्भासाठी.

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रकल्पास नाव दिल्याखेरीज मला काम सुचत नाही. 'ऋक्षमृगया' हे नाव मुक्रर केले. ऋक्ष म्हणजे अस्वल. जांबवंताच्या कुळाशी आपले कोणतेही वैर नाही हे मान्य करूनही नाव भारदस्त आहे.

येथे कामाचा आठवडा रविवारी उघडतो; शेजारच्या मेजावरील इलियास परकार यास वृत्त कथन केले. इलियास रत्नागिरीचा, आमच्या कार्यालयातील सर्व कागदपत्रांचा रक्षक, आणि मी रुजू झालो त्या आठवड्यापासून माझा टीकाकार.

"अस्वल? आणि तू?" तो म्हणाला. "अरे, कॅन्टीनमध्ये अंड्याच्या सँडविचशेजारी बसत नाहीस तू."

"शाकाहार हा आहारविषयक सिद्धांत आहे. मृगया हा क्षात्रधर्म."

"तू कधीपासून क्षत्रिय?"

"शुक्रवारपासून."

"आणि मारलंस तर मटणाचं काय?"

हा प्रश्न मार्मिक होता. तेथील कायद्यान्वये मांस अरण्यात टाकून येता येत नाही. शिकाऱ्याने ते वाहून आणलेच पाहिजे. मी ते औदार्याने इलियासला देऊ केले.

"नको हां. सुळेवालं जनावर, हराम हाय ते."

म्हणजे अस्वल मला चालत नाही आणि त्यालाही चालत नाही. एकवीस वर्षांत आम्हा दोघांचे पथ्य प्रथमच जुळले.

नियम वाचले. परदेशी मनुष्याने एकतर भाडोत्री मार्गदर्शक घ्यावा, अथवा तेथे राहणारा जवळचा आप्त सोबत असावा. मिहीर तो आप्त. त्याच्यापाशी बंदूक आहे, परवाना आहे आणि, त्याच्या म्हणण्यानुसार, अनुभव आहे. बेटाचे नाव मात्र तो कोणाला सांगू देत नाही. शिकारी आपली जागा सांगत नाहीत म्हणे. मी वहीतही लिहीत नाही. अनुभवाविषयी पृच्छा केली असता इतके कळले: सप्टेंबरअखेरीस तो त्या बेटावर एकटाच गेला, दहा दिवस एका देवदाराखाली बसला आणि हात हलवत परत आला. दहा दिवस, शून्य अस्वले. उत्पादकतेचे हे प्रमाण आमच्या क्षेत्रात कोणीही खपवून घेणार नाही. यंदा नियोजन माझे आहे.

तक्त्यातील एकूण क्रिया, म्हणजे करावयाची कामे: एकशे चौदा.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आमचा एक फोरमन साइटवर वारला. तेलुगू मनुष्य. मनुष्यबळ विभागाच्या बाईंनी मला बोलावून माझा सप्टेंबरचा तक्ता मागितला. "युअर्स वॉज द फास्टेस्ट," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

ते खरे आहे. मृत्यूपासून नाशिकच्या दहनापर्यंत एकतीस तास. रुग्णालयाचा दाखला, पोलिसांची अनुमती, दूतावास, पारपत्र रद्द करणे, शवागार, पेटी, कार्गो, मुंबईहून रुग्णवाहिका. बेचाळीस क्रिया, एकही रखडली नाही. कागद घेऊन इलियास धावला, घड्याळ घेऊन मी. सामान्यतः येथे चार दिवस लागतात. मिहीर तेव्हा प्रवासात होता. तो नाशिकास नऊ तास उशिरा पोचला असता, म्हणून त्यास फ्रँकफर्टलाच कळवले की आटोपले आहे. तो तेथूनच परत फिरला. अनावश्यक प्रवास टळला.

तक्ता बाईंना दिला. त्यांनी उल्काचे नाव पुसून तो नमुना म्हणून जतन केला.

मंगळवार, ११ मार्च

कॅनडाचा व्हिसा आला. अर्जातील 'प्रवासाचे प्रयोजन' या रकान्यात मी पुत्रभेट व ऋक्षवध अशी दोन प्रयोजने लिहिली होती. कोणत्या प्रयोजनावर अनुमती मिळाली हे त्यांनी कळवलेले नाही.

रोजे चालू आहेत. इलियासकडे इफ्तारला गेलो. त्याच्या पत्नी मैमुनाभाभींनी माझ्यापुरती फोडणीची खिचडी निराळी केली होती. मी अस्वलाच्या जीवनपद्धतीवर अर्धा तास प्रवचन केले. त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिले नाही. वाढताना पाहिले ते ताटाकडे. पूर्वी त्या थट्टेखोर होत्या. सप्टेंबरपासून त्यांचे असेच चालले आहे. मी दाढी करण्यात हयगय करतो, त्यामुळे असेल.

शनिवार, २२ मार्च

अध्ययन. प्रौढ नराचे मस्तक रुंद, कान लहान व एकमेकांपासून दूर, जणू दोन भावांनी वाटणी करून घेतली आहे. मादीचे कान जवळजवळ. पिल्लांसह असलेल्या मादीवर गोळी झाडता येत नाही. आणि येथे ग्रंथकाराने एक मुद्दा आग्रहाने मांडला आहे: मादी पिल्लांना झाडावर चढवून एकटीच मोकळ्यावर येते. तस्मात एकटे अस्वल दिसले तरी ते एकटेच आहे असे मानू नये. थांबावे, पाहत राहावे.

किती थांबावे हे दिलेले नाही. हा ग्रंथाचा दोष. कालावधी नसलेली क्रिया तक्त्यात घालता येत नाही. मी पंधरा मिनिटे धरली आहेत.

शुक्रवार, ४ एप्रिल

शारीरिक सिद्धता. अस्वलाचे मांस पाठीवर वाहावे लागणार, म्हणून वीस किलो बासमतीचे पोते पाठपिशवीत बांधून पहाटे पाच वाजता मदिनत खलीफाच्या गल्ल्यांतून संचार आरंभला. तिसऱ्या वळणावर मशिदीतून बाहेर पडणारे वृद्ध कतारी गृहस्थ थबकले, पोत्याकडे पाहिले, आणि आपली गाडी दाखवून म्हणाले, "यल्ला, कम, आय ड्रॉप यू." त्यांना वाटले मी दुकानातून येत आहे व मजजवळ वाहन नाही. अस्वलाची गोष्ट त्यांना इंग्रजीत समजावून सांगितली. ते 'इन्शाल्ला' म्हणाले आणि गाडीत बसल्यावरही बराच वेळ माझ्याकडे पाहत होते.

तांदूळ पुष्कळ आहे. एकट्याला तो संपणार नाही. उल्का पाच किलोची पिशवी आणीत असे.

शुक्रवार, १८ एप्रिल

आज रंगीत तालीम. दुखान रस्त्यावर शहराबाहेर वाळवंटात गाडी घातली. अंतराचा अंदाज हा मृगयेचा पाया आहे: शंभर मीटरांवरचे अस्वल किती मोठे दिसते हे डोळ्यास ठाऊक हवे. अस्वलाची भूमिका इलियासने करावी असे ठरले. उंची सुमारे तीच, पोटाचा घेर अधिकृत आकड्यांच्या जवळ. तो उमराहच्या यात्रेसाठी घेतलेले काळे हिवाळी जॅकेट घालून, छत्तीस अंशांच्या उन्हात, शंभर पावलांवर जाऊन ओणवा झाला.

"दिसतंय काय?" तेथून तो ओरडला.

"कान दूरदूर कर!"

"माझे कान कसे दूर करू, मेल्या? मला अल्लानं दिलेत तसेच ते!"

"आता बाजूने चाल. हळू. तू बेरी खात आहेस."

"मी उन्हानं मरतोय! झाड लवकर गोळी, खलास कर!"

मी काठी रोखली, श्वास रोखला आणि मुखाने ध्वनी केला. अस्वल धारातीर्थी पडले. पडल्यावर उठेना, म्हणून धावत गेलो. तो आकाशाकडे पाहत हसत होता. मलाही हसू यावे असा तो प्रसंग होता. मी त्याची नोंद घेतली.

नंतर गाडीच्या सावलीत बसून करक चहा प्यायलो. इलियास म्हणाला, "आमच्या चाचाकडे शेतीसंरक्षणाची बंदूक होती. रानडुकरांसाठी रात्ररात्र मचाणावर बसायचा. डुक्कर काय मारल्याचं आठवत नाही मला."

"मग करीत काय असत?"

"बसायचा." त्याने कप वाळूत उपडा केला. "मिहीर बसला होता ना तिकडं, ते कुठले दिवस म्हणालास?"

"सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा आरंभ. पंचवीसच्या सुमारास गेला असावा. मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून नक्की सांगता येत नाही."

"दहा दिवस."

"पूर्ण दहा. निष्फळ."

इलियास उठून गाडीत बसला. परतीच्या वाटेवर गाडी त्यानेच चालवली आणि मला घरापाशी सोडताना माझ्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ तसाच ठेवला. उष्माघाताची लक्षणे असावीत. त्यास लिंबूपाणी घेण्यास सांगितले.

सोमवार, २१ एप्रिल

तक्ता पूर्ण झाला. एकशे सदतीस क्रिया, तीन रंग. मिहीरला पाठवला. १२ मे: बोटीने बेटावर आगमन. १३ मे: तळ, टेहळणी. १४ मे: सकाळी सहा ते साडेनऊ, अस्वलाचे दर्शन. साडेनऊ: लिंगनिश्चिती, पंधरा मिनिटे. पावणेदहा: वध. तदनंतर सोलणे, वाहणे, तपासणी, परतीची बोट. १७ मे रोजी सायंकाळी दोह्याचे विमान. अस्वलाकडून विलंब झाल्यास म्हणून दोन तासांचा वाव ठेवला आहे; आमच्या भाषेत त्याला फ्लोट म्हणतात.

इतका सुबक तक्ता मी कंपनीलाही दिलेला नाही.

मंगळवार, २२ एप्रिल

सकाळी सात वाजता मिहीरचा फोन. त्याने आपण होऊन फोन केला याचा मला संतोष झाला. संवाद शक्यतो यथातथ्य लिहितो.

"बाबा, फोर्टिन्थ मे, सिक्स टु नाइन-थर्टी, बेअर अपिअर्स. हू टोल्ड द बेअर?"

"ते गृहीतक आहे. तळटीप पाहा."

"व्हेअर इज द वेटिंग?"

"कसले?"

"वेटिंग. थांबणं, बाबा." हा शब्द त्याने मराठीत उच्चारला. "दॅट्स द होल थिंग. यू सिट. कधी कधी कायच येत नाही. यू जस्ट सिट देअर."

"त्यासाठी दोन तासांचा वाव आहे."

"टू अवर्स."

"आवश्यक तर तीन करू."

पलीकडे तो हसला, परंतु हसण्याच्या स्वरात नव्हे. "यू कुडन्ट वेट नाइन," असे म्हणून त्याने फोन ठेवला.

नऊ हा आकडा माझ्या तक्त्यात कोठेही येत नाही. दोनदा तपासले. साडेनऊ आहे, नऊ नाही.

बुधवार, २३ एप्रिल

कोठे आहे ते कळले. या तक्त्यात नाही. आधीच्या.

कार्यालयात गेलो. जेवलो. परत आलो.

शनिवार, २६ एप्रिल

तीन दिवस लिहिण्यासारखे काही घडले नाही. बुटांचे पार्सल आले, उघडलेले नाही.

आज सकाळी मिहीरचा संदेश: "व्हिच सारी वॉज शी वेअरिंग? नोबडी टोल्ड मी."

उत्तर लगेच द्यावे म्हणून आठवू लागलो. सप्टेंबरचा तक्ता काढला. क्रिया सव्वीस: शवागारातून ताबा. क्रिया सत्तावीस: वस्त्रे. जबाबदारी: सौ. परकार. कालावधी: पंचेचाळीस मिनिटे. स्थिती: पूर्ण. त्या पुढे काही नाही. सव्वीसच्या आरंभाची वेळ मला मिनिटासह पाठ आहे. विमानाच्या मालकक्षाचा दरवाजा क्रमांक सांगता येईल. नाशिकास पेटी उघडली तेव्हा मी मेहुण्याशी लाकडांसंबंधी बोलत उभा होतो. पेटीकडे माझी पाठ होती. नंतर तोंडावरून फुले होती.

तिचे कपाट उघडले. सप्टेंबरनंतर प्रथमच. विचार असा की जी साडी नाही ती ओळखावी म्हणजे उत्तर मिळेल. एकूण साड्या एकेचाळीस. अर्धा तास उभा राहिलो. काय नाही हे कळण्यास काय होते हे ठाऊक असावे लागते. एकोणतीस वर्षांच्या सहवासात मी ती माहिती गोळा केलेली नाही.

मिहीरला लिहिले: "माहीत नाही. विचारून सांगतो."

रविवार, २७ एप्रिल

कार्यालयातून इलियाससोबत थेट त्याच्या घरी गेलो. मैमुनाभाभी हॉलमध्ये भेंडी निवडीत होत्या. मी उभ्यानेच विचारले, "भाभी, उल्काला कोणती साडी नेसवली होती?"

सुरी खाली ठेवून त्यांनी प्रथमच माझ्या चेहऱ्याकडे पाहिले.

"सात महिने वाट बघतेय मी, भावजी, तुम्ही कधी विचारता त्याची," त्या म्हणाल्या. "बसा."

मी बसलो.

"मी तुम्हाला फोन केला होता. आठवतं?"

"नाही."

"तुमच्या घरात, तिचं कपाट उघडून उभी होते. म्हटलं, तिची आवडती कुठली ते सांगा, ती नेसवते."

"मी काय म्हणालो?"

त्यांनी इलियासकडे पाहिले. तो म्हणाला, "जाऊ दे ना, मैमू. आता काय त्याचं."

"नाही, ते विचारतायत ना. 'जी हाताला लागेल ती घ्या, बाराला पेटी बंद व्हायची आहे.' असं म्हणालात, भावजी."

पंखा चालू होता. त्याला तेल हवे आहे.

"मग मी हाताला लागली ती नाही घेतली," भाभी म्हणाल्या. "सगळ्या काढल्या. अबोली रंगाची, बारीक जरीची, आमच्या लेकीच्या, सुमैयाच्या निकाहात नेसली होती ना, ती घेतली. त्या दिवशी मला म्हणाली होती, ही नेसली की अंगावर काय आहेसं वाटतच नाही गो, इतकी हलकी. मला काय साडी नेसवता येते? आणि निजलेल्या माणसाला? तिथं एक मल्याळी सिस्टर होती, तिनं हात लावला. निऱ्या मी घातल्या. नीट आल्या नाहीत. तीनदा सोडून घातल्या."

"पंचेचाळीस मिनिटांत," मी म्हणालो. का म्हणालो, ठाऊक नाही.

"मला घड्याळ कळलं नाही त्या दिवशी. डाव्या हातातल्या बांगड्या निघेनात, त्या राहू दिल्या. केस विंचरले. आणि मग कुंकू." त्यांनी भेंडीचे ताट बाजूला सारले. "मी लावलं तर चालेल का, म्हणून तुम्हाला परत फोन केला. उचलला नाहीत तुम्ही."

त्या वेळी मी कार्गोच्या खिडकीवर होतो. ती क्रिया अठ्ठावीस.

"मग लावलं मीच. लावताना तोंडातून बिस्मिल्ला गेलं, सवयीनं. तुमच्यात काय म्हणतात मला माहीत नव्हतं. चुकलं असेल तर माफ करा."

मी 'शुक्रन' म्हणालो. हा शब्द आपण सुपरमार्केटात पिशवी घेताना उच्चारतो. सर्व संस्कृत आयुष्यभर बाळगून ऐन वेळी तेवढाच जवळ होता.

इलियास दारापर्यंत आला. "साडीचं सांग पोराला," तो म्हणाला. "कुंकवाचं सांग. ते दुसरं वाक्य नको सांगूस. आपल्या तिघांनाच माहीत हाय ते. तिघांतच राहील."

मी होकारार्थी मान हलवली.

मंगळवार, २९ एप्रिल

आज कार्यालयात गेलो नाही. एकवीस वर्षांत पूर्वसूचनेवाचून पहिली रजा.

सकाळी मिहीरला फोन लावला. तिकडे सोमवारची रात्र होती. त्याने उचलला. मी सांगू लागलो. अबोली रंग म्हणजे कोणता हे त्यास ठाऊक नव्हते; केशरीत थोडे दूध घातले तर होईल तसा, असे सांगितले. सुमैयाचा निकाह सांगितला, हलकी साडी, मल्याळी सिस्टर, तीनदा सोडलेल्या निऱ्या, बांगड्या. कुंकवाचे सांगताना मैमुनाभाभींनी काय म्हटले तेही सांगितले. त्यावर त्याने नाक ओढल्याचा आवाज आला आणि तो म्हणाला, "मैमुनाआंटी डिड दॅट?"

"हो."

"ओके." थोड्या वेळाने: "ओके, बाबा. थँक्स. बोट बारा मेच्या सकाळचीच आहे. आय विल बी अ‍ॅट द डॉक."

येथे थांबता आले असते. तारीख निश्चित होती, व्हिसा होता, बूट होते. मुलगा धक्क्यावर उभा राहणार होता. ज्यासाठी एकशे सदतीस क्रिया मांडल्या ते सर्व हाताशी आले होते, आणि पुढचे वाक्य उच्चारल्यास ते कदाचित राहणार नव्हते.

परंतु तक्त्यात एक खोटी नोंद राहिली की तिच्यापुढच्या सर्व तारखा खोट्या होतात. हा आमच्या व्यवसायातला नियम आहे. याहून उदात्त कारण मला सुचले नाही.

"आणखी एक आहे," मी म्हणालो. "भाभींनी मला विचारले होते, कोणती नेसवू. मी म्हणालो, जी हाताला लागेल ती घ्या, बाराला पेटी बंद व्हायची आहे."

मी फोन दुसऱ्या कानाशी धरला.

"आणि बाराला बंद करण्याची सक्ती कोणी केलेली नव्हती. दुसऱ्या दिवशीचे विमान होते. त्याने नेले असते तर तू पोचला असतास. ते विमान मी पाहिले होते. मला थांबवत नव्हते, मिहीर. थांबलो असतो तर तिच्याकडे पाहावे लागले असते."

हे शेवटचे मी बोलेन असे मला माहीत नव्हते. बोलल्यावर ते खरे असल्याचे लक्षात आले.

पलीकडून त्याचा श्वास ऐकू येत होता. मग त्याचा सूर बदलला. सत्तावीस वर्षांचा मनुष्य रडताना कसा आवाज करतो हे मी आजवर ऐकले नव्हते. सप्टेंबरात तो कोठे रडला, कोणापाशी, हेही मी विचारलेले नाही. सांत्वनाची काही वाक्ये मनात तयार झाली. सर्व अलंकृत होती. एकही उच्चारले नाही. फोन कानाशी धरून खुर्चीवर बसलो. मध्ये इलियासचा फोन येत होता, तो तसाच वाजू दिला. खिडकीवरचे ऊन जमिनीवर आले, मग माझ्या पायांवर. किती वेळ गेला ते येथे लिहीत नाही, कारण पाहिले नाही.

केव्हातरी तो म्हणाला, "बाबा? आर यू स्टिल देअर?"

मी म्हणालो, "आहे."